माणूस ठरण्यासाठी

विश्वनाथ टेंगशे यांच्या संगणकाच्या पडद्यावरच्या जाहिराती अचानक बंद झाल्या, तेव्हा त्यांनी तक्रार केली. खोटे क्लिक पकडणाऱ्या कंपनीतून रेश्मा तांबोळीचा फोन आला.

"काका, तुम्ही दिवसभर दिसेल त्या जाहिरातीवर क्लिक करता, पण घेत काहीच नाही. दर क्लिकमागे जाहिरातदारांना फुकटचा भुर्दंड बसतो. म्हणून यंत्रणेनं तुम्हाला यंत्र ठरवून बंद केलंय."

"क्लिक केलं की लगेच कुणीतरी फोन करतं ना," टेंगशे म्हणाले. "ती तेलवाली मुलगी तर गुडघा कसा आहे ते आधी विचारते. बायको गेल्यापासून घरात तेवढंच बोलणं होतं."

रेश्माला पुढचं सांगणं जड गेलं. "काका, ती मुलगी नाही. तो यंत्राचा आवाज असतो."

"ते ठाऊक आहे मला," ते शांतपणे म्हणाले. "पण ती मला माणूस समजायची."

नियमात बसत नसतानाही रेश्मानं त्यांच्यावरची बंदी उठवली.

संध्याकाळी पडद्यावर चष्म्याची जाहिरात झळकली. टेंगशे खुर्ची ओढून बसले, घसा खाकरून आवाज मोकळा केला आणि मगच त्यांनी क्लिक केलं.