प्रसेनजितचा आवाज

सोनाळ्याचा प्रसेनजित एका कंपनीचं बियाणं विकायचा. त्याच्या शब्दावर गावाचा भरवसा होता. यंदा कंपनीने त्याचा आवाज मशीनमध्ये भरला, सिमकार्ड परत घेतलं आणि त्याला कामावरून काढून टाकलं. शेतकऱ्यांना फोन मात्र त्याच्याच आवाजात जात राहिले. त्या फोनवर विसंबून घेतलेलं बियाणं उगवलंच नाही. शेजारचे जानराव काका संतापून त्याच्या दारात आले.

"काका, मायची आन, तो मी नोहतो. मशीन बोलते माह्या आवाजात."

काकांना ते कसंबसं पटलं. मग त्यांनीच गावभर सगळ्यांना सावध केलं.

दिवाळीनंतर प्रसेनजित काम शोधायला जळगाव जामोदला गेला होता. घरी एकटी असलेली आई त्याच्याशी फोनवर बोलता बोलता धाडकन पडली आणि पलीकडून आवाज येईना. त्याने आपल्या नव्या नंबरवरून काकांना फोन लावला.

"काका, मी प्रसेनजित! माय पडली, पटकन घरी जा. हात जोडतो तुमच्या..." तो हुंदके देऊ लागला.

पलीकडे काका बायकोला सांगत होते, "आवं, आयकलं काय? ते मशीन आता रडाले बी शिकली."

आणि फोन कट झाला.