आपसी बदली

"पुण्याचं कॉलेज सोडून इकडे यायचंय का गं तुला?" कारभारी गुरुजींनी रांगेतल्या पुढच्या मुलीला विचारलं, तशी रत्नमाला वेळापत्रकाच्या फळ्यामागे सरकली.

एक्क्याऐंशीचा जून. सुट्टी संपली होती. वसतिगृहात राहणारी पोरं ट्रंका, वळकट्या आणि लोणच्याच्या बरण्या सांभाळत नाशिकच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत होती. गुरुजी टोपी सारखी करत एकेकापाशी थांबत होते. सहलीला निघालेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

रत्नमाला त्यांची एकुलती एक, त्यांना नाना म्हणायची. पुण्याचा खर्च झेपणार नाही म्हणून बारावीनंतर तिने पहिलं वर्ष तालुक्याच्या नव्या कॉलेजात काढलं. पहिली आली, शिष्यवृत्ती मिळवली. तिला पदवी भौतिकशास्त्रात हवी होती आणि तो विषय तिथे पुढे नव्हता. मुंबईला जावं तर विद्यापीठच वेगळं. पहिलं वर्ष पुन्हा करावं लागेल असं सगळे सांगत. पुण्याला विद्यापीठ तेच, वर्ष वाया जाणार नव्हतं. पण पुण्याच्या कॉलेजाने कळवलं की दुसऱ्या वर्षाला जागा नाही. कुणी सोडून गेलं तर पहिला नंबर तिचा.

गुरुजींना एवढं पुरलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांच्या जगात हव्या त्या गावी जायचा एकच खात्रीचा मार्ग होता, तो म्हणजे आपसी बदली. त्या गावात असा मास्तर शोधायचा, ज्याला तुमचं गाव हवं आहे. मग दोघांनी जोडीने अर्ज करायचा. कॉलेजांतही असंच असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. तिथे असलं काही नसतं हे रत्नमालाने परोपरीने समजावलं. नाना म्हणाले, माणूस सापडला की साहेब कशाला अडवतोय. आणि तिची सगळी कागदपत्रं पिशवीत घालून ते सकाळीच तिला घेऊन निघाले.

रांगेत आता हसू पसरलं होतं. एका पोराने विचारलं, गुरुजी, वर काय देणार, द्राक्षं का कांदे? गुरुजींनी त्यालाच उलट विचारलं, तू कितव्या वर्षाला आहेस. तिसऱ्या म्हणताच त्याला सोडून ते पुढे गेले.

पुढे मंदाकिनी उभी होती. शेजारी तिचे वडील निवृत्ती, निफाडकडचे द्राक्षबागाईतदार, पायाशी तिची ट्रंक. मुलगी दुसऱ्या वर्षाला, त्याच कॉलेजात. गुरुजींनी तिला तोच प्रश्न विचारला. तो निवृत्तीनेच झटकून टाकला. पोरगी लय हुशार हाय, तिला तिथं काय कमी नाय, तिला वनस्पतिशास्त्र घ्यायचंय. तो विषय तालुक्याला आहे, गुरुजी म्हणाले. असंल, निवृत्ती म्हणाला, आणि तोंड फिरवलं.

गाडी लागली. धक्काबुक्की सुरू झाली. निवृत्तीने ट्रंकेची एक कडी धरली. दुसरी कडी मंदाकिनीने धरली नाही.

"दादा, मला यायचंय," ती म्हणाली. "मला तिथं करमत नाही. वर्षभर सांगायचं धाडस झालं नाही."

रत्नमाला फळ्यामागून कधी पुढे आली ते तिलाच कळलं नाही.

निवृत्तीचा चेहरा पडला. गावभर पेढे वाटून मुलीला पाठवलं होतं. "अन् लोकांला काय सांगू? पळून आली म्हनून?"

"पळून कशाला?" गुरुजी म्हणाले. "बदली झाली म्हणून सांगा."

निवृत्ती त्यांच्याकडे बघत राहिला. तलाठ्याची बदली होते, फौजदाराची होते. बदली होऊन आलेल्याला कुणी नावं ठेवत नाही. हळूहळू त्याच्या मिशीत हसू उमटलं. "गुरुजी, तुम्ही इरसाल हाय," तो म्हणाला, आणि मग त्याच्याच अंगात वारं शिरलं. कशाला थांबायचं? याच गाडीने जाऊ. एकीने जागा सोडायची, दुसरीने घ्यायची. त्याची बहीण अक्काबाई पुण्यातच होती. दोघी पोरी तिच्याकडे उतरतील. गुरुजींना जाता येणार नव्हतं, ओझरच्या शाळेची किल्ली त्यांच्या खिशात होती आणि आज शाळा उघडायची होती. त्यांनी कागदांची पिशवी लेकीच्या हातात दिली. अंथरूण-पांघरूण मागाहून पाठवतो म्हणाले. कंडक्टर ओरडत होता. निवृत्ती ट्रंक घेऊन गाडीत चढला. मंदाकिनीने रत्नमालाचा हात धरून तिला वर ओढलं. दोघी धापा टाकत, हसत एका बाकावर बसल्या. काल रात्री एकमेकींचं नावही माहीत नव्हतं.

गाडी हलली. नाना खिडकीबरोबर चालू लागले, मग पळू लागले. काहीतरी सांगत होते, इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. फाटकापाशी ते थांबले आणि टोपी काढून हलवू लागले. त्यांना इतकं खूश तिने पूर्वी एकदाच पाहिलं होतं, गेल्या जूनमध्ये, सुरगाण्याच्या डोंगरातल्या शाळेतून आपसी बदली होऊन ते कायमचे घरी आले त्या दिवशी.

तिच्या जवळ येण्यासाठी नानांनी नऊ वर्षं माणूस शोधला होता. तिला लांब पाठवायला त्यांना एक सकाळ पुरली.