हिरव्या मुठीच्या गाळण्या

"विकास, दिवस बुडला नं बाप्पा. चाल आता घरी."

"थांब गं आई. कारंजं पाहायचं राहिलंय."

गोजराबाईंनी कारंजं पाहिलं. पाणी निळं झालं, मग लाल झालं. पोरं ओरडली. गोजराबाईंनी पदर कानांवरून ओढून घेतला. थंडी गावाकडं, केनवडच्या शेतात असते तेवढी नव्हती, पण नुसतं बसून राहिलं की अंगाला लागते.

मुलाकडे पुण्याला येऊन त्यांना आठवडा झाला होता. त्यांनी वाडा पाहिला, टेकडी पाहिली, चपला हातात घेऊन सरकत्या जिन्यावर चढून पाहिलं. आज मात्र त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. आज घरी सुनेचं, राखीचं, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्यासाठी त्या दुपारीच जांभळी साडी नेसून बसल्या होत्या. तेवढ्यात विकास म्हणाला, घरात पसारा आहे, राखीला तयारी करू दे, आपण जरा फिरून येऊ.

"बाया येऊन बसल्या असतीन. राखी एकटी कोनाकोनाकडं पाहीन?"

"आई, पुण्यात बायका आठशिवाय येत नाहीत."

"आठले? मंग सैपाक कवा करतेत?"

विकास हसला आणि भाजलेलं कणीस घेऊन आला. गोजराबाईंनी ते नुसतं हातात धरलं. "दात कुठं हायेत मले," त्या म्हणाल्या.

लुटायचं वाण त्यांनीच निवडलं होतं. आदल्या दिवशी बाजारात राखी प्लास्टिकच्या डब्या घेत होती. गोजराबाईंनी तिचा हात धरला. "डबी माळ्यावर जाते, पोरी. चहाची गाळणी घे. रोज सकाळी हाती येते." मग हिरव्या मुठीच्या गाळण्या त्यांनी एकेक उजेडाकडे धरल्या, जाळी पाहिली आणि चांगल्या तेवढ्या बाजूला काढल्या. लाडू तर त्या गावाहूनच घेऊन आल्या होत्या, घरच्या तिळाचे.

गाडीत बसल्यावर त्या खुलल्या.

"मागच्या संक्रांतीले आपल्या गावच्या भागिरथाबाईनं माह्या कपाळाले कुकवाचं बोट लावलं. म्हने, गोजरा, तुहा मालक गेल्यापासून तुले दारातून वापस लावत होतो आमी, आमचं चुकलं. विकास, तू उभा राह्यला म्हनून झालं बाप्पा ते."

खरंच होतं ते. तेव्हा विकास सुट्टीवर गावी आला होता. देवळापुढे माणसं जमली होती. विधवा बायकांनाही हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, यावर कोणी बोलेना. तेव्हा विकास उठला आणि म्हणाला, "माझ्या आईपासून सुरू करा." दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो आला.

विकास रस्त्याकडे पाहत राहिला.

तेवढ्यात फोन वाजला आणि राखीचा आवाज साऱ्या गाडीत घुमला.

"अहो, इतक्यात आणू नका हं आईंना."

विकासनं घाईनं बटण दाबलं. चुकीचं दाबलं. आवाज आणखी मोठा झाला.

"खालच्या मजल्यावरच्या काकू आत्ता आल्यात. त्यांना नाही चालत. अजून अर्धा तास फिरवा कुठंतरी. ऐकताय ना?"

त्यानं फोनच बंद केला. समोर लाल दिवा होता. तो हिरवा झाला, तरी गाडी हलली नाही. मागून भोंगे वाजू लागले.

"काय नाई चालत त्यायले?" गोजराबाईंनी विचारलं.

"तसं नाई व माय." विकासच्या तोंडी एकदम गावची बोली आली. "राखीच्या मनात काई नाई. सोसायटीत जुन्या बाया हायेत, त्यायले..."

"भागिरथाबाई काय नवी हाये? तिच्या नातवाले लेकरू झालं."

"तिथलं वेगळं होतं, आई."

"हो. तिथं फोटोवाला होता."

विकासनं गाडी हलवली. पुढच्या चौकात त्यानं हळूच विचारलं, "तुला त्या मोठ्या दुकानातली रोषणाई दाखवू?"

"घरी चाल."

इमारतीखाली लिफ्टचं दार उघडलं आणि नटलेल्या बायका हसत बाहेर आल्या. गजऱ्यांचा वास दरवळला. प्रत्येकीच्या हातात हिरव्या मुठीची गाळणी होती. एकजण गाळणी दिव्याकडे धरून जाळी पाहत होती.

"किती उपयोगाचं दिलं ना राखीनं! नाहीतर त्या डब्या," ती म्हणाली आणि समोर उभ्या असलेल्या गोजराबाईंना पाहून थांबली. विकास मागे होता. तो खांबाआड सरकला.

"आजी, संक्रांतीचं तोंड गोड करा," म्हणत तिनं कागदात बांधलेला लाडू सोडवून त्यांच्या हातावर ठेवला. "राखीच्या सासूबाईंनी पाठवलेत. गावाकडंच असतात त्या. काय हात आहे त्यांचा!"

गोजराबाईंनी लाडवाकडे पाहिलं. एका बाजूनं तो जरा चपटा होता. डबा भरताना शेवटचे बसत नव्हते, तेव्हा त्यांनीच ते अंगठ्यानं दाबून बसवले होते.

"तुम्ही कोणाकडं आलात?"

"मी पावनी हाओ, बाई. शहर पाहाले आल्ती."

"अरे वा. झालं का सगळं पाहून?"

गोजराबाईंनी मान वळवून खांबाकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "आज झालं."