चुलीमागची माती

पोरगी भिंत चाटत होती.

भागीरथाबाई चहाचा कप घेऊन मागच्या खोलीच्या दारातच थांबल्या. चुलीमागच्या भिंतीचा पोपडा पोरीनं नखानं काढला होता आणि त्यातला एक कण जिभेवर ठेवून ती डोळे मिटून उभी होती. पायात बूट. चुलीपाशी. नाव प्रीती, राहणारी नागपूरची, रानोमाळ हिंडून जुनी हाडं शोधते म्हणे. नागसेननं, म्हणजे बाईंच्या मास्तर लेकानं, तिला शाळेतून घरी आणलं होतं, ते चहा प्यायला. चहाला आलेल्या माणसानं चहा प्यावा, एवढी साधी गोष्ट होती.

"कितवा महिना लागला?" भागीरथाबाईंनी विचारलं.

नागसेन "माय, माय" करत राहिला. प्रीतीला काहीच कळलं नाही. मग बाईंनीच समजावून सांगितलं, की माती पोटुशी बाई चाटते, तिला डोहाळे लागतात मातीचे. बिनलग्नाच्या पोरीनं भिंती चाटाव्या, असं इकडं तरी नाही.

प्रीती हसली. जुनं हाड दगड झालेलं असतं, आजी, ते जिभेला चिकटतं, म्हणाली. साधा खडा चिकटत नाही. हे चिकटलं. तिनं तळहात पुढं केला. तांदळाच्या कणीएवढा जबड्याचा तुकडा, त्यात एक दात. उंदराएवढ्या जनावराचा, माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधीचा.

मग जे सुरू झालं ते थांबेना. दूर समुद्रात मादागास्कर नावाचं बेट आहे. तिथली जनावरं जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. ती आली कुठून? तर ते बेट आणि आपली जमीन एकेकाळी जोडलेली होती. तिकडच्या जुन्या हाडांसारखी हाडं इकडं सापडली, तर कोणाचं मूळ कुठलं ते लागतं.

"म्हंजे त्यायचं गोत तू माह्या चुलीमागं पाहून राह्यली," भागीरथाबाई म्हणाल्या. "सोयरीक जमवाची हाय का?"

नागसेननं विचारलं, ती जनावरं एवढी वेगळी झाली कशी. प्रीती म्हणाली, मध्ये समुद्र आला, सर. एकीकडं पडली ती तशीच वाढली.

"एकीकडं पाडाले समुद्र कायले लागते," बाई म्हणाल्या आणि कप तिच्या हातात कोंबला. "पे आता."

प्रीतीनं कप तसाच चुलीच्या काठावर ठेवला. तिला माती कुठली ते हवं होतं. जागा कळल्याशिवाय हा दात म्हणजे नुसता खडा, कोणी मानणार नाही. बाई म्हणाल्या, बेल्याच्या बाजारातून आणली. मग म्हणाल्या, पैनगंगेवरून. मग म्हणाल्या, आठवत नाही, आणि तेही अशा आवाजात, की एखादी शहाणी तिथंच गप्प बसली असती. ही बसली नाही. भिंतीत दगड झालेल्या बारक्या गोगलगायी दिसतायत, म्हणाली. गावची पांढऱ्या मातीची खदान मारुतीमागं होती ना, तिथली माती मी पाहिली. तिच्यात एकही नाही.

"ते गावची. तिथं आमाले कोन हात लावू देत होतं?"

"मग तुमची कुठली, आजी?"

नागसेननं आपला कप खाली ठेवला. "मॅडम, राहू द्या," तो म्हणाला.

पण प्रीतीनं मोबाइल काढला होता. आकाशातून घेतलेलं गावाचं चित्र. नाल्यापलीकडं पांढरा ठिपका. हीच ना? वरून दरड कोसळलेली दिसतेय, पण हरकत नाही. उद्या जेसीबी बोलावते, वरचा ढीग उचलून बाजूला टाकला की दुपारपर्यंत खालचा थर मोकळा.

भागीरथाबाईंनी चित्र पाहिलं नाही. पाट ओढला आणि बसल्या.

"एक सांग," त्या म्हणाल्या. "जुन्या हाडात नवं हाड मिसळलं, त वयखता येते तुले?"

"लगेच येतं. आणि शंका आलीच, तर जिभेला लावायचं."

"मंग जेसीबी नको. हातानं खांद."

प्रीतीनं नागसेनकडं पाहिलं. तो भिंतीकडं पाहत होता.

"माही जाऊ हाय तिथं. कौशल्या," भागीरथाबाई म्हणाल्या. "वरची माती खारट. गोड माती पार आत भेटते, म्हनून शिरली. वरून दरड बसली. आमी बायायनं हातानं उकरता आली तेवढी उकरली. गावातून फावडं घिऊन कोनी आलं नाई. मंग नाल्याले पूर आला."

प्रीतीनं दात असलेली मूठ मिटली. बाईंना ती कीव आवडली नाही. त्यांनी चुलीवरचा कप उचलला, गार झालेला चहा मोरीत ओतला आणि पुन्हा तसंच खेकसल्यासारखं बोलू लागल्या.

"बांगड्यायच्या हिरव्या काचा लागतीन, त्या तिच्या. त्या टाकून देजो नको. आन् हे तू दाखवलं तेवढं, लय बारकं हाड लागलं, त बेटावरचं समजू नको. जिभेले लावाच्या आंधी मले आवाज दे." त्यांनी कप पालथा घातला. "तिले सातवा महिना लागला होता."