चेहरा दिसेल अशी दुर्बीण

“पाखराचा चेहरा?” चंद्रकुमारनं काच पुसायचं फडकं काउंटरवर ठेवलं. “मावशी, पाखराची चोच पाहतेत, पंख पाहतेत. चेहरा कोण पाहते?”

“मले पाहाचा हाय,” देवकाबाई म्हणाली. “सुकला का भरला, तेवढं समजलं पाहिजे.”

साकोलीत हायवेला लागून चंद्रकुमारचा फोटो स्टुडिओ होता. नागझिऱ्याला जाणाऱ्या पर्यटकांसाठी तो टोप्या, टॉर्च, दुर्बिणी ठेवायचा. पण एकोडीहून ऑटोत बसून आलेली, लुगड्यातली, साठीची बाई दुर्बीण मागते, हे त्याच्या दुकानात पहिल्यांदाच घडत होतं.

“सारस पाहाचा हाय काय?”

“हो, हो, सारसच. आमच्या तलावाच्या पल्याड बसते.”

“एकटाच? सारस तं जोडीनं राहते.”

“जोडी हाय ना बाप्पा! तू दुर्बीण दाखव.”

खोटं बोलायची सवय नव्हती, तिचे कान गरम झाले. पण खरं सांगायचं तरी काय? तलावापल्याडच्या टोलीत, दहा-बारा घरांच्या वस्तीत, तिची एकुलती एक लेक राहत होती, रक्षा. दोन वर्षांपूर्वी तिनं दुसऱ्या समाजातल्या अश्विनशी लग्न केलं. त्याच दिवशी देवकाबाईच्या नवऱ्यानं, भैय्यालालनं, भर अंगणात चार माणसांदेखत बायकोला शपथ घातली. “तिच्या घरी पाय ठेवशीन, तिच्याशी बोलशीन, फोन जरी करशीन, तं माझं मेलं तोंड पाहाशीन!”

झालं! आता अशी शपथ मोडायची कशी? बुढा कितीही तिरसट असला तरी त्याच्या जिवाशी खेळ कोण करील? देवकाबाई गप्प बसली. पोरीचं नावही घरात निघेना.

मग रक्षाला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते सासरीच उरकलं. देवकाबाईला राहवलं नाही, तिनं डिंकाचे लाडू वळले. पण पाठवणार कोणाच्या हाती? भैय्यालाल म्हणाला, “माझे गुडघे दुखून राहिले, मीच खातो,” आणि शेतावर जाताना रोज डब्यात घालून नेऊ लागला. बाळंतिणीचे लाडू बापानं खुशाल संपवले. त्या दिवशी देवकाबाई चुलीपुढे बसून ढसाढसा रडली. असला कसा हा माणूस, याला काळीज आहे की धोंडा?

आणि परवा बाजारात शेजारच्या तुळसानं गाठलं. “अवो, तुमची रक्षा वळखू येत नाई म्हणतेत. बाळंतपण बाधलं तिले. नुसती हाडं राहिली.”

तेव्हापासून घास घशाखाली उतरेना. पोर अशीच निघून गेली तर? आपण तलावाच्या इकडे, ती तिकडे, आणि एकदाही दिसली नाही तर? देवकाबाई वेड्यासारखी घरात येरझारा घालत राहिली. आणि मग तिला सुचलं. शपथेत पाय ठेवणं होतं, बोलणं होतं, फोन होता. आपल्या काठावर उभं राहून पाहणं शपथेत नव्हतं!

आज भैय्यालाल सकाळीच दिघोरीला बहिणीकडे जातो म्हणून गेला. तो वळणाआड होताच ती निघाली होती.

चंद्रकुमारनं आधी एक जंगी दुर्बीण तिच्या हातात दिली. “वीसपट जवळ दिसते.”

देवकाबाईनं ती रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या बसवर लावली. बस, झाड, माणसं, सगळंच थरथरत होतं.

“अरे बाबा, मले गरगरून राहिलं! हे कायले विकता?”

“जेवढं जवळ दिसन, तेवढा हात हालल्यासारखा वाटते, मावशी. तिले स्टँड लागते. तुमी ही आठपटीची घ्या. समोरची काच मोठी हाय, उजेड चांगला येते. चष्मा हाय तं डोळ्यापाशी असलेलं रबर खाली दुमडा. हां. आता मधलं चाक हळूहळू फिरवा.”

तिनं चाक फिरवलं. धुकं विरलं आणि बसच्या खिडकीतली एक अनोळखी बाई एकदम पुढ्यात आली. नाकातली फुली दिसली, फुटलेले ओठ दिसले. ही बिचारी रात्रभर झोपलेली नाही, हेसुद्धा देवकाबाईला कळलं.

“तुमचा तलाव केवढा हाय?” चंद्रकुमारनं विचारलं.

“हाक मारली तं पल्याड ऐकू जाईन, एवढा.”

“मंग दिसते चेहरा. खुशाल घेऊन जा.”

तिनं पदराची गाठ सोडली. भाव करायचंही तिला भान नव्हतं.

एकोडीला उतरल्यावर ती घरी गेलीच नाही. तडक तलावाच्या पाळीवर चढली आणि बेशरमाच्या झुडपांमागे बसली. दुर्बीण डोळ्यांना लावली, पण चढून धाप लागली होती, आठपटीचीही हलू लागली. गुडघ्यांवर कोपरं टेकवून तिनं श्वास धरला. पाणी गेलं, बदकं गेली, पल्याडची कौलं आली. अश्विनच्या घराचं निळं दार आलं. देवा, एवढी एकदा दिसू दे, जिवंत दिसू दे!

रक्षा दारातून बाहेर आली.

उन्हात उभी राहून ती बाळाचे कपडे वाळत घालत होती. गाल भरलेले होते. बाळंतपणानं अंग थोडं सुटलंच होतं. कुठली हाडं आणि कुठलं काय! ती तुळसा मेली, जिभेला हाड नाही तिच्या! देवकाबाई तोंडात पदर कोंबून हसली, रडली, चष्मा पुसून पुन्हा बघू लागली.

रक्षा कोणाकडे तरी वळून हसून बोलत होती. मग बाळ तिथेच असणार. देवकाबाईनं दुर्बीण जराशी सरकवली. अंगणात खाट होती. खाटेवर कोणी माणूस पाठमोरा बसला होता आणि मांडीवरच्या बाळाला तेल चोळत होता. व्याही असेल. चांगला दिसतो बापडा, सुनेचं पोर असं जीव लावून करतो. आमच्या घरच्या धोंड्याला हे दाखवायला हवं!

बाळ नीट दिसावं म्हणून तिनं चाक आणखी थोडं फिरवलं. तेवढ्यात खाटेवरचा माणूस तेलाची वाटी घ्यायला वळला, आणि तो भैय्यालाल होता.