तोलामोलाची वस्तू

मानवानं उपग्रह सोडल्यापासून पृथ्वीवर काहीच हरवत नाही. तिच्या नवऱ्याला मात्र कपाटातले मोजे कधी सापडले नाहीत. निवृत्तीनंतर त्याला जीपीएसवर अनोळखी लोकांनी लपवलेले डबे शोधण्याचा नाद लागला. शेवटचा डबा त्यानं स्वतःच लपवला आणि दवाखान्यात जाताना जागेचे आकडे तिच्या हातात दिले. तो गेल्यावर महिन्यानं ती सुनेसोबत टेकडी चढली. बाकाखालच्या डब्यात त्याची लग्नातली अंगठी निघाली. हिच्यापायी तिनं दवाखान्यातल्या नर्सवर चोरीचा आळ घेतला होता. “घ्या आणि चला, आई.” “अशी कशी? ह्यांच्या खेळाचा नियम आहे, डब्यातली वस्तू उचलली तर तोलामोलाची ठेवायची.” ती स्वतःची अंगठी ओढू लागली. “अहो, कोणीही नेईल!” “नेऊ दे. त्यालाही तोलामोलाचं शोधावं लागेल.” अंगठी सांध्याशी अडली. डोळे पुसून तिनं हात पुढे केला. “पर्समधलं क्रीम लाव गं जरा.”