हवा कुठून शिरते

इंजिन पुन्हा खोकलं आणि बंद पडलं.

"झालं! परत हवा." दादा विमानातून उतरला. "आजचं उड्डाण रद्द. सांग सगळ्यांना."

आपण बांधलेलं विमान आपणच उडवणार, अशी दवंडी त्याने सगळ्या गल्लीत पिटली होती. गेल्या रविवारीही लोक असेच येऊन परतले होते.

धाकटा भाऊ कारखान्यात फिटर. इंधनाच्या नळ्यांचं काम त्याच्याकडे. पंपाआधीच्या पारदर्शक नळीत बुडबुडे पळताना बघून त्याने कपाळाला हात लावला.

"एक थेंब गळत नाही, म्हणून फसगत होते. पंप ओढतो त्या बाजूला सांधा सैल असला की पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत शिरते. हे वर आकाशात झालं तर?"

दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या वहिनींनी कप तिथेच खाली ठेवले. विमानाचं हे खूळ त्यांना पहिल्यापासून नको होतं.

लोक गेल्यावर धाकट्याने टाकी रिकामी केली, नळीत सायकलच्या पंपाने हवा भरली आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. सीटखालच्या नटाभोवती फेस उसळला.

"हा तर मी आवळला होता!"

"थरथरीने सुटला असेल," दादा दुसरीकडे बघत म्हणाला.

धाकट्याने नट पुन्हा आवळला. नटावरून सांध्यावर लाल रंगाची सरळ रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार. मग बजावलं, "मी येईपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही."

शनिवारी दुपारी तो न कळवता आला. शेडचं दार लोटलेलं होतं. आत वहिनी सीटखाली वाकल्या होत्या, हातात पाना. लाल रेघ तुटलेली.

तो धावतच पुढे झाला.

"वहिनी! अहो, जीव जाईल दादाचा! उडू नये असं वाटतं तर तोंडाने सांगा ना. नट कसले सैल करता?"

वहिनी दचकल्या. डोळे भरून आले, पण पाना त्यांनी सोडला नाही.

"हळू बोला, भाऊजी. ते ऐकतील," त्या कुजबुजल्या. "मी आवळतेय. उडायची भीती वाटते, म्हणून सैल ते करतात."